पक्क्या घराला मातीचा रंग काहून?

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही देवळी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. घरकुलाचे 1 लाख 20 हजार आणि त्यात दोन वर्षांची कापसाची शिल्लक घालून यंदा मे महिन्यात स्लॅब टाकला. समोर दोन खोल्या आणि ओसरी नवी आहे. मागची सैपाकाची खोली जुनीच, मातीच्या भिंतींची. मोबाईलवर मी मातकट रंगांची घरं पाहते. विटकरी, गेरू, बदामी. मला फार आवडतात. नवरा म्हणतो, तुझं तू ठरव. सासूबाई मात्र ऐकूनच नाराज झाल्या. म्हणाल्या, "सारी जिनगानी शेणामातीत हात घातले. आता पक्कं घर बांधलं तं त्यालेबी मातीचाच रंग काहून?" त्यांना पिस्ता हवा आहे. पेंटर म्हणतो, असे रंग खोली अंधारी करतात. मागच्या मातीच्या भिंतीलाही पुट्टी मारून प्लास्टिक पेंट देऊ म्हणतो. आणि घरच्यांना सगळं पोळ्याच्या आत हवं आहे. मी हट्ट करू की सोडून देऊ?
एक सून, जि. वर्धा

उत्तर:

नमस्कार. तुमच्या सासूबाईंचं ते एक वाक्य मी तीनदा वाचलं. त्याचं उत्तर आधी देते, रंगाचं मग पाहू.

ज्या बाईनं इतके पावसाळे मातीच्या भिंती सांभाळल्या, तिला 'मातीचा रंग' म्हटलं की आधी काम दिसतं. आठ-पंधरा दिवसांनी सारवण. पावसाळा सरला की पडलेले पोपडे लिंपणं. दिवाळीच्या आधी घरभर पोतारा, म्हणजे पांढऱ्या मातीचा हात. छपराचं कवेलू सरकलं की रात्री उठून गळतीखाली गंज, म्हणजे पातेलं, ठेवायचा, भिंतीच्या भेगेत विंचू नाही ना ते बघून लेकरू निजवायचं. शेणानं पिवळी पडलेली नखं लग्नाकार्यात पदराखाली झाकणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्यासाठी पक्कं घर म्हणजे या सगळ्यातून सुटका. अशा बाईला "शहरात मोठमोठ्या बंगल्यांना हाच रंग देतात" असं सांगू नका. ते खरं असलं तरी त्यांच्या कष्टाशी त्याचा काही संबंध नाही. त्यापेक्षा सरळ सांगा की रंग मातीचा असेल, काम मातीचं नसेल. ओल्या फडक्यानं पुसलं की भिंत स्वच्छ. आणि हे सांगून झालं की त्यांना विचारा, जुन्या घरात पोतारा कशाचा करायच्या, माती कुठून आणायच्या, गेरूचा पट्टा किती उंच ओढायच्या. हट्ट करण्यापेक्षा आणि सोडून देण्यापेक्षा हे जास्त कामाचं आहे, कारण या रंगांची खरी जाणकार तुमच्या घरातच बसली आहे.

माझी आजी दारव्ह्याकडची. तिचा पोतारा मला आजही जसाच्या तसा आठवतो. गावाच्या पडक्या गढीची पांढरी माती टोपलीनं यायची. खडे-काटक्या वेचून ती मोठ्या गंजात रात्रभर भिजत पडायची. सकाळी आजी हातानं ढवळून वरचा घोळ दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायची आणि तळाची रेती आंगणात फेकायची. मग जुन्या धोतराचा बोळा त्यात बुडवून भिंतीवर हात फिरवायची, डावीकडून उजवीकडे, कमानीसारखा. ओली असताना भिंत मळकट राखी दिसायची आणि मला वाटायचं, बिघडलं. ऊन चढलं की एका कोपऱ्यातून पांढरेपणा पसरत यायचा आणि त्यात आजीच्या हाताच्या कमानी उमटायच्या, एकावर एक, माशाच्या खवल्यांसारख्या. शेवटी गेरू. त्याची रेघ सुतळीनं कशी ओढायची ते मी पुढे सांगते. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत गेरूचा पट्टा आणि वर सगळं पांढरं. मी तेव्हा समजायचे की पट्टा शोभेसाठी. पुढे एका पावसाळ्यात नीट पाहिलं, तर वळचणीचं पाणी आंगणात पडून चिखल उडत होता तो नेमका त्या पट्ट्यापर्यंतच. पांढऱ्यावर एक डाग नव्हता. कुठला रंग कुठे लावायचा हे त्या बायकांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी भिंत बघून ठरवलं होतं.

तुम्हीही तसंच करा, एवढंच माझं सांगणं आहे. मोबाईलवरची घरं बघायला छान आहेत, पण ती दुसऱ्या उजेडातली आणि दुसऱ्या मातीतली आहेत. बहुतेक चित्रांत मातकट म्हणजे तपकिरी, असाच प्रकार दिसतो. भिंत तपकिरी, सोफा तपकिरी, पडदा तपकिरी. आपल्याकडची माती अशी एकरंगी कधीच नव्हती. आपल्या बोलण्यातच बघा, शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. एका गावाचे दोन भाग आपण मातीच्या रंगावरून ओळखतो.

तुमच्या जिल्ह्याच्या पायाखाली बहुतेक ठिकाणी काळा पाषाण आहे, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला. तोच खडक झिजून तुमच्या शेतातली कापसाची काळी माती झाली. अर्धवट झिजला तो मुरूम. त्यातल्या लोखंडाला हवापाणी लागलं, की कुठे लाल, कुठे पिवळा, कुठे तांबूस तपकिरी रंग चढतो. म्हणून हे रंग एकमेकांशेजारी ठेवले तर भांडत नाहीत. पिवळी माती आणि गेरू तर सख्ख्या बहिणी. दोघींत लोखंडच, फक्त पिवळीत त्याच्याशी पाणी बांधलेलं असतं. तापवली की ते पाणी निघून जातं आणि ती लाल होते. खात्री करायची तर पिवळ्या मातीचं एक ढेकूळ चुलीच्या निखाऱ्यात घंटाभर राहू द्या. कुंभाराच्या आव्यात मळकट मडकं जातं आणि लाल होऊन बाहेर येतं, त्यातही बरंचसं हेच घडतं. रंगाच्या दुकानात शेडकार्डावर 'बर्न्ट सिएना' असं भारदस्त नाव दिसलं तर बिचकू नका. इटलीत सिएना नावाचं गाव आहे, तिथली पिवळी माती भाजून जो लाल होतो त्याचं ते नाव. आपण गेरू म्हणतो तो त्याचाच भाऊबंद.

आता सासूबाईंच्या पिस्त्याचं. तुम्हाला वाटत असेल, पिस्ता आणि मातकट यांचं जमणार नाही. पण अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रं ज्या रंगांनी काढली, त्यांत गेरू आहे, पिवळी माती आहे, काजळी आहे, आणि एक हिरवी मातीही आहे. ती आपल्याच या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडते. म्हणजे मातीच्या रंगांत हिरव्याला पहिल्यापासून जागा आहे. दुकानात मिळणारा पिस्ता जरा जास्त चकचकीत आणि निळसर असतो, इतकंच. त्यात थोडा पिवळा ऑक्साइड घातला की तो वाळत आलेल्या तुरीच्या पानासारखा होतो आणि गेरूशेजारी सुखानं नांदतो. पण हे सासूबाईंना न विचारता करू नका. त्यांना डब्याच्या झाकणावर दोन्ही पिस्ते शेजारी शेजारी लावून दाखवा. त्यांनी साधाच पिस्ता निवडला तर त्यांच्या खोलीला तोच द्या, चारही भिंतींना. ती खोली त्यांची आहे.

बाकीच्या घरासाठी एक काम करा. पाच वाट्या घ्या. एकीत शेतातली काळी, दुसरीत गढीची नाहीतर जुन्या पडक्या घराची पांढरी, तिसरीत मुरूम, चौथीत नाल्याच्या काठची पिवळी, पाचवीत फुटक्या कवेलूचा चुरा. माती वाळलेली हवी, ओल्या मातीचा रंग फसवतो. त्यांच्याशेजारी कापसाचं एक उमललेलं बोंड ठेवा. सगळं ओसरीत मांडून सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा बघा. बोंडाकडे विशेष बघा. कापूस पांढरा असतो असं आपण म्हणतो, पण चुन्याशेजारी धरला तर तो किंचित दुधाळ पिवळा दिसतो, आणि बोंडाची वाळकी टरफलं गडद तपकिरी. कापूस पुष्कळ, टरफल थोडं. तुमच्या घरातले रंगही मी याच मापानं ठेवेन. तीन हिस्से भिंत त्या कोऱ्या कापसाच्या रंगाची, आणि गेरू, विटकरी, काळपट तपकिरी हे सगळे मिळून उरलेल्या एका हिश्शात. दुकानात जाताना रंगाचं नाव घेऊन जाऊ नका. कवेलूचा तुकडा आणि कापसाचं बोंड पिशवीत टाकून न्या आणि शेडकार्डावर ठेवून जुळवा. 'टेराकोटा' म्हटलं की एक कंपनी नारिंगी दाखवते, दुसरी गुलाबी. कवेलूचा तुकडा बदलत नाही.

पेंटरदादा म्हणतात की असे रंग खोली अंधारी करतात. ते निम्मं खरं आहे. गडद रंग उजेड गिळतो. आपल्याकडे उन्हाच्या भीतीनं खिडक्या लहान ठेवतात, त्यामुळे आत येणारा उजेड मुळातच मोजका. अशा खोलीत चारही भिंती विटकरी केल्या तर भरदुपारी बल्ब लावावा लागेल. म्हणून छत पांढरं, खिडकीसमोरची भिंत फिकट, आणि गडद लावायचाच असेल तर बाजूच्या एका भिंतीला, तोही खालच्या भागात. पण फिकट बदामी, ज्वारीच्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा पिवळसर, पांढरीच्या मातीचा रंग, हेही मातकटच आहेत आणि त्यांनी खोली अंधारत नाही. शेडकार्डावर प्रत्येक रंगाचे फिकट भाऊ असतात, त्यांच्याकडे बघा.

खरी काळजी बाहेरच्या भिंतीची घ्या. इथे मी स्वतः चुकले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या घराची पश्चिमेची बाहेरची भिंत मी हौसेनं गडद चॉकलेटी करून घेतली. दिवाळीत दिसायला देखणी. मे उजाडला आणि रात्री दहा वाजताही त्या भिंतीला आतून हात लावला तर कोमट लागायची. नऊ इंची विटेची भिंत दुपारभर ऊन पिते आणि ते रात्री आत सोडते. रंग जितका गडद, तितकं पिणं जास्त. त्या खोलीत आई झोपायची. तिनं तक्रार केली नाही, नुसती खाट भिंतीपासून लांब ओढून घेतली, आणि ती ओढलेली खाट बघून मला कळलं. पुढच्या दिवाळीला ती भिंत फिकट बदामी झाली. विदर्भात पारा 45 च्या वर जातो, तिथे पश्चिमेची आणि दक्षिणेची बाहेरची भिंत फिकटच हवी, यात तडजोड करू नका. आतल्या रंगानं खोली फारशी तापत नाही, बाहेरच्यानं तापते. आणि स्लॅबवर वरून पांढरा चुना मारून घ्या. उन्हाळ्यात त्याचा जेवढा उपयोग होतो तेवढा कुठल्याच भिंतीच्या रंगाचा होत नाही.

गडद रंगाची हौस बाहेरून खालच्या पट्ट्यात भागवा. जोत्यापासून दीड-दोन फूट गेरू किंवा विटकरी. चिखल उडेल तो तिथेच लपेल. शिवाय हे लोखंडाचे रंग उन्हात विटत नाहीत. गावात बघा, भडक गुलाबी आणि जांभळी घरं दोन-तीन उन्हाळ्यांत फिकी पडतात आणि जुन्या देवळाचा गेरू मात्र तसाच असतो.

ओसरीत आतूनही पट्टा घ्या, पण तो उंच, साडेतीन फुटांपर्यंत. कारण वेगळं आहे. ओसरीत माणसं भिंतीला टेकून बसतात आणि डोक्याच्या तेलाचा गोल डाग भिंतीवर पडतो. शेजारपाजारच्या एखाद्या जुन्या ओसरीत ते डाग किती उंचीवर आहेत ते मोजा आणि त्याच्या चार बोटं वर पट्ट्याची रेघ येऊ द्या. या भागाला धुता येणारं इमल्शन, वर साधं चालेल. तुमच्या दोघांच्या खोलीला ज्वारीचा पिवळसर. कोबा घालायचा बाकी असेल तर वरच्या थरात लाल ऑक्साइड घोटून घ्या. जुन्या वाड्यांतून ती लाल गुळगुळीत जमीन अजून चांगली आहे, पायाला गार लागते आणि तिला सारवण नको. सासूबाईंना ही गोष्ट नक्की आवडेल.

जुन्या घराचं सागवानी दार किंवा चौकट शिल्लक असेल तर तिच्यावर ऑइलपेंट चढवू नका. आधीचा असेल तर खरवडून काढा. सागाचा तपकिरी रंग तुम्हाला दुकानात विकत मिळणार नाही. पुसून, घासून जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या, जास्तीचं तेल पुसून घ्या. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवाच. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकायचे नाहीत. ते वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. तुमच्या घरात कापूस साठवलेला असतो. बोळे बाहेर मोकळ्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आता मागच्या सैपाकघराचं. इथे पेंटरदादांचं अजिबात ऐकू नका. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते, तिचा तो स्वभाव आहे. तिच्यावर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट चढवला की आतली ओल कोंडते. पहिल्याच पावसाळ्यात रंग फुग्यासारखा सुटतो आणि पडताना लिंपणाचा थर सोबत घेऊन पडतो. सिमेंटचा गिलावाही तसाच सुटून येतो. कडक आणि मऊ यांची गाठ बसत नाही. या भिंतीला पोतारा नाहीतर चुना, दुसरं काही नाही.

चुना करताना कळीचा चुना घ्या. लोखंडी ड्रममध्ये आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी सोडायची. कळीवर पाणी ओतायचं नाही, उसळतं. पाणी खदखदून उकळतं, म्हणून प्लास्टिकची बादली नको, लेकरं जवळ नकोत, आणि डोळ्यांवर चष्मा हवा. चुना डोळ्यात गेला तर दृष्टीला इजा होते, लगेच भरपूर पाण्यानं धुवत राहायचं आणि तसंच दवाखाना गाठायचा. रात्रभर मुरू द्या, दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळा, दुधाइतका पातळ करा. गेरू किंवा पिवळी माती वेगळ्या भांड्यात भिजवून गाळून मगच मिसळा. कळीच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त रंग घालू नका, नाहीतर भिंतीला टेकलेल्या प्रत्येकाची पाठ लाल होईल. चुन्यात हे मातीचे रंगच टिकतात. कापड रंगवायची पूड घातली तर चुना ती खाऊन टाकतो. भिंतीवर आधी पाणी शिंपडून पातळ तीन हात द्या. ओला असताना रंग गडद दिसेल, घाबरू नका, वाळल्यावर पुष्कळ उतरतो. हवा लागून चुना हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो, म्हणून त्याला घाई चालत नाही.

मातीच्या भिंतीचं मोल पेंटरनं कमी केलं म्हणून तुमचं मन खट्टू झालं असेल तर एक दिवस सेवाग्रामला जाऊन या, तुमच्यापासून फार लांब नाही. 1936 साली गांधीजी तिथे राहायला आले तेव्हापासूनच्या कुट्या उभ्या आहेत. मातीच्या भिंती, वर कवेलू, आणि बापूकुटीच्या भिंतीवर गांधीजींची शिष्या मीराबेन हिनं मातीच्याच उठावात केलेली ताडाची झाडं आणि चरखा. ना पुट्टी, ना पेंट. सासूबाईंना मात्र खास मातीचं घर दाखवायला म्हणून नेऊ नका. त्यांनी ते आयुष्यभर पाहिलं आहे.

शेणाचा रंग म्हणून जो मिळतो त्याबद्दलही सांगते, कारण खेड्यातून त्याची विचारणा फार होते. खादी ग्रामोद्योग आयोगानं जानेवारी 2021 मध्ये 'खादी प्राकृतिक पेंट' आणला. डिस्टेंपर तेव्हा 120 रुपये लिटर आणि इमल्शन 225 रुपये लिटर होतं. जवळपास मिळत असेल तर एका भिंतीला लावून बघा. मातीच्या भिंतीसाठी मात्र माझी पसंती चुन्यालाच.

पोळ्याच्या आत हे सगळं होणार नाही, आणि होऊ देऊ नका. मे महिन्यातला स्लॅब, मग गिलावा, त्यावर पावसाळा. भिंत आतून ओली आहे. आत्ता पुट्टी चढवली तर दिवाळीपर्यंत खार फुटेल आणि पेंटर म्हणेल रंग खराब होता. पाऊस उघडला की हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावून एक दिवस-रात्र राहू द्या. मागून थेंब जमले तर थांबायचं. कोरडा निघाला की कामाला लागायचं. तोपर्यंत सोयाबीनही निघालेलं असेल आणि हातात चार पैसे असतील. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीला दारं-खिडक्या वजा जाता साधारण 400 चौरस फूट भिंत येते. चांगल्या इमल्शनचा एक लिटर दोन हातांत 100 ते 140 चौरस फूट जातो, म्हणजे खोलीला तीन ते चार लिटर. पेंटरनं याच्या दुप्पट सांगितलं तर कारण विचारा. आणि रंग झाल्यावर पांढरे निळसर एलईडी बल्ब बदला. त्यांच्या उजेडात गेरू राखेसारखा आणि बदामी आजारी दिसतो. डब्यावर 'वॉर्म व्हाइट' किंवा 3000 के लिहिलेला घ्या, आणि सगळे नको, ओसरीतला आणि तुमच्या खोलीतला पुरे.

पोळ्याला घरच्यांना काहीतरी दिसलं पाहिजे, हे मला कळतं. बैलांच्या अंगावर ठिपके द्यायला गेरू भिजवालच. त्यातला वाटीभर बाजूला काढा आणि ओसरीच्या भिंतीवर दोन बाय दोन फुटांचा एक चौकोन त्याचा, शेजारी एक पिस्त्याचा, एक कापसाच्या रंगाचा, असे तीन चौकोन करून ठेवा. महिना-दीड महिना जाता-येता सगळ्यांच्या नजरेखालून जाऊ द्या. आलेगेलेही दोन शब्द बोलतील. सासूबाई काय म्हणतात ते ऐका आणि मला कळवा.

पट्टा ओढायच्या दिवशी पेंटरला चिकटपट्टी लावू देऊ नका. सुती सुतळी घ्या, गेरूच्या घट्ट घोळात बुडवून निथळू द्या. जोत्यापासून दोन्ही टोकांना सारखं माप घेऊन खूण करा. एक टोक सासूबाईंच्या हातात द्या, दुसरं तुम्ही धरा. घट्ट ताणा, अगदी भिंतीला टेकवून. मधोमध चिमटीत धरून सुतळी मागे ओढायला तिसरं माणूस लागतं, ते काम नवऱ्याला सांगा. एकदाच सोडायची. दुसऱ्यांदा सोडली की रेघ फाटते.